बुडबुडा

एकोणतीस वर्षं मी या कॉलेजात काचा धुतो.
पगारपत्रकावर प्रयोगशाळा परिचर,
पोरांच्या तोंडी भोंडवेमामा.
सकाळी अगार शिजवायचं, खिरीसारखं, बुडाला लागू न देता,
आणि त्यावर जे जे उगवेल
ते संध्याकाळी ऑटोक्लेव्हमध्ये मारायचं.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
शेवटी एक लांब सुस्कारा.

नवी बॅच आली की गुमास्ते मॅडम सांगतात,
जा, काहीही पुसून आणा.
कोणी पीएमटीचा दांडा आणतं, कोणी मोबाईल,
एकाने तर प्राचार्यांच्या दाराची मूठ.
दुसऱ्या दिवशी ताटल्या उजेडाला धरतात
आणि दरवर्षी तोच आवाज: शी!
अरे, बिऱ्हाडकरू आहेत तुमचे.
भाडं देत नाहीत, पण निम्मं घर तेच चालवतात.

निलोफर बागवान शी म्हणाली नाही.
ती गंज पेठेतलं पाणी घेऊन आली,
थंड पेयाच्या बाटलीत, म्हणून मी परत पाठवली.
उकळून काढलेली बाटली दिली. म्हटलं,
नळाचं तोंड जाळून घे, दोन मिनिटं पाणी सोड, मग भर.
दुसऱ्या दिवशी म्हणाली, मामा, अम्मी ओरडली.
पाणी येतं पाऊण तास,
त्यातली दोन मिनिटं तू गटारात सोडलीस?

पंधरा नळ्या, जांभळा रस्सा.
प्रत्येकीच्या पोटात एक इवली नळी, उलटी,
अगरबत्तीच्या तुकड्याएवढी.
सदतीस अंशावर, म्हणजे आपल्याच अंगाच्या उबेत,
दोन रात्री.

दार मीच उघडलं.
जांभळ्याचं पिवळं झालेलं,
आणि उलट्या नळ्यांच्या माथ्याशी बुडबुडे.
कोणीतरी आत बसून साखर खाल्ली होती
आणि ढेकर दिला होता.
वहीत लिहितात: पाच, पाच, पाच.
तिने लिहिलं आणि पेन तसंच धरून बसली.
घरी आसिम, तिचा भाऊ,
तापाचा नववा दिवस.

मग जर्नलच्या मागच्या पानावर तिने गल्ली काढली.
तेवीस घरं, अकरांवर फुली.
बोअरचं पाणी पिणाऱ्या टेलरचं घर कोरं.
मी फुल्यांमधल्या जागा बघत राहिलो.
नळातून आला तो आला,
पण पुढे गेला तो पाहुण्यापुढे केलेल्या तांब्यातून,
आजाऱ्याचं करून तशाच मळलेल्या पिठातून,
घे रे, अर्धं माझं, यातून.
वैर असतं तर वाचली असती माणसं.
मॅडम फळ्यावर बाण काढतात.
बाण बरोबरच आहे. फक्त बाणाला टोक असतं,
आणि त्या गल्लीत कोणी कोणाला टोचलं नव्हतं.

क्षेत्रीय कार्यालयात म्हणाले, विद्यार्थ्यांचा रिपोर्ट चालत नाही.
मग मॅडम गेल्या, शिक्का घेऊन.
सहाव्या दिवशी खोदलं.
पाइप गटारातून गेलेला,
भोक काडेपेटीच्या काडीएवढं.
फिटर म्हणाला, पाणी असतं तेव्हा बाहेर फेकतो.
पाणी गेलं की पाइप रिकामा,
आणि रिकामं असलं की काहीही ओढून घेतं.
कुठल्या पुस्तकात नव्हतं हे, माझ्या तरी.

आसिम उठला. केस गळाले,
टोपी घालून परीक्षेला गेला.
सातव्या घरावरच्या फुलीभोवती
निलोफरने नंतर एक चौकोन काढला.
मी विचारलं नाही.

नळ्या आल्या माझ्याकडे, धुवायला.
आतला बुडबुडा टिचकीने निघतो.
एक बराच वेळ निघेना.

घरी गेलो. हात धुतले, कोपरापर्यंत.
बायकोने पेला पुढे केला.
मी तो दिव्यासमोर धरला.
काय बघताय, म्हणाली.
पाणी स्वच्छ दिसत होतं.
ते तर दिसतंच.